न रंगवलेल्याचे पैसे

आमच्या औशात बातमी आधी कुंपणावरून फिरते, मग मोबाइलवर. गल्लीतल्या गुरुजींची धाकटी सून लातूरला चित्रांचं प्रदर्शन भरवणार, हेही मला शेजारच्या आक्कांकडूनच कळलं. त्या तारेवर लुगडं टाकत होत्या, मी अलीकडं मेथी निवडत होते.

"ऐकलंस का गं? ती हॉल घेऊन चित्रं लावलालीय म्हणं. लोकांनी यायचं, बघायचं अन् जायचं."

"विकतबी घ्यायची असतात, आक्का."

"कशाची हायती? देवाची?"

"शेतशिवाराची. तूर, करडई, बाभळी. एक येळवशीचं बी हाय."

लुगडं अर्धं तारेवर, अर्धं हातात राहिलं. "शेत काय विकत घ्यायचं? जन्म गेला आमचा खुरपण्यात. निसर्ग काढायचा तर कोकणात जावं, समुद्र हाय, नारळ हाय. आपल्या जिल्ह्यात शंभर एकरात एक एकर सुदिक जंगल नाही. २०१६ ला लातूरकरांनी मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पिलंय. हितं कसला निसर्ग रंगवलालीय ही?"

आक्कांचं हे असं असतं. आकडा बरोबर, निकाल चूक.

मी ती चित्रं बघितली होती, म्हणून सांगितलं. जलरंगात पांढरा रंग लावायचाच नाही, असा तिचा नेम आहे. येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येला शेतात होणाऱ्या पूजेच्या, चित्रात कडब्याची कोप आहे, कोपीत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, पुढं अंबिलीचं मडकं. ते पांडव तिनं रंगवलेलेच नाहीत. कोपीतला अंधार सगळीकडून भरत आणला आणि पाच दगडांएवढा कागद कोरा ठेवला. तोच चुना. काळ्या रानातही काळा रंग नाही. निळ्यात तांबूस तपकिरी मिसळायचा, पाणी थोडं ठेवायचं, की नुकत्याच भिजलेल्या ढेकळाचा रंग येतो. नुसता काळा लावला तर रान मेल्यासारखं दिसतं म्हणाली.

आक्का लक्ष देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दगड रंगवलेच नाहीत?"

"नाही."

"अन् त्याचे पैसे घेणार?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी मेथी निवडत राहिले.

खरं सांगायचं तर गल्लीचा चित्रकलेशी संबंध एवढाच, की इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात, बी आली तर ५, सी आली तर ३. त्या ७ गुणांसाठी आक्कांचा नातू दोन वर्षं वस्तुचित्र आणि स्मरणचित्र घोकत होता. दहावीचा निकाल लागला, रंगपेटी माळ्यावर गेली, पोरगा लातूरला क्लासला गेला. लातूर पॅटर्नमध्ये रंगपेटीला जागा नाही. ही सून मात्र लग्नानंतर मिलिंद मुळीकांची जलरंगाची पुस्तकं घेऊन ओट्यावर बसते आणि एकच झाड चार-चारदा काढते. आता सासूबाई हे कौतुकानं सांगतात की तक्रार म्हणून, ते अजून आम्हाला उमगलेलं नाही.

"बायामाणसांनी चित्रं काढून कुणाचं नाव झालंय का?" आक्कांचा पुढचा सवाल.

हे मात्र त्यांनी बरोबर जागी विचारलं. वारली चित्रांचंच बघा. लग्नघरी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायचा तो सवाष्णींनी. झाडं, मोर, देवी पालघाट, सगळं बायकांच्या हातचं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांत कागद घेऊन गेले आणि भिंतीवरचं कागदावर आलं. पुढं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यात असं काही काम केलं, की २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. माणूस मोठाच होता, २०१८ ला गेला. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंती लिहिणाऱ्या त्या बायांची नावं कुणी विचारली?

"बघ! मी म्हणलाले तेच," आक्का खुलल्या. हरल्यावरही जिंकल्यासारखं बोलायची त्यांची हातोटी आहे.

मग मी त्यांना कोल्हापूरच्या आबालाल रहमानांची गोष्ट सांगितली. जे. जे. कलाशाळेत शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ, सगळं आसपासचंच काढायचे. कोकणात जावं लागलं नाही. १९२२ ला महाराज गेले, कदर करणारा गेला, आणि ह्या माणसानं आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली असं सांगतात. १९३१ ला तेही गेले.

"पाण्यात?" आक्कांचा हात तोंडावर. "अगं, कुणी विकत का नाही घेतली?"

मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी लगेच लुगड्याचा काठ सरळ करायला घेतला.

थोड्या वेळानं आवाज उतरवून म्हणाल्या, "मुंबईला नाही का नेणार?"

मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासून. तिथं नंबर लागायला वर्षं जातात, आणि राहण्याचा-नेण्याचा खर्च वेगळाच. तोवर लातूर बरं. काचेची फ्रेम, टेम्पोचं भाडं, हॉलचं भाडं, छापील पत्रिका, सगळं तिच्या शिवणकामाच्या पैशातून चाललंय. गुरुजी फक्त उद्‌घाटनाला कुणाला बोलवायचं एवढंच बघतात. ते खातं पुरुषांकडं असतं.

"अन् विकलेलं कसं कळतं?"

"शेजारी लाल टिकली लावतात."

"म्हणजे कुंकू लावलं की सासरी गेलं!" आक्का स्वतःच हसल्या. मग किंमत विचारली. मी सांगितली. त्या म्हणाल्या, एवढ्यात एक बरी साडी येती. येती खरी. पण आक्कांच्या कपाटात बऱ्या साड्यांची चळत आहे, आणि येळवशीला नेसून चिखलात जाता येईल अशी त्यात एकही नाही.

जाता जाता त्या म्हणाल्याच, "आपलीच पोर हाय, एखादं तसंच देईल की."

तर तुम्ही लातूरला ते प्रदर्शन बघायला गेलात, तर चहा अवश्य प्या, फोटोही काढा. फक्त "आपलीच पोर" म्हणून फुकट मागू नका आणि भाव पाडू नका. घ्यायचं नसेल तर नुसतं बघून या, तिला चालतं. घ्यायचं असेल तर येळवशीचं घ्या, पाच पांडवांचे पैसे धरूनच.