गडद तपकिरी भिंतीची तजवीज

ज्या गृहस्थाच्या मनात दिवाणखान्याची भिंत गडद तपकिरी करण्याचा संकल्प एकदा उद्भवला, आणि ज्याने तो भोजनसमयी सर्वांसमक्ष उच्चारण्याचे धाडस केले, त्याने घरातील वडीलधाऱ्यांच्या हरकती यथावकाश दाखल होणारच हे गृहीत धरून पुढील कलमांचे मनन करावे.

प्रथम कुळवृत्तांत पाहावा. इंद्रधनुष्याच्या दप्तरी तपकिरीची नोंदच नाही; तो मुळात नारिंगी असून, तेज खालावल्यामुळे आणि शेजारी अधिक उजळ मंडळी असल्यामुळेच त्याला प्रस्तुतचा हुद्दा प्राप्त झाला आहे. सबब छत पांढरे व लगतच्या भिंती मोतिया ठेवणे ही हौस नसून त्याच्या अस्तित्वाचीच अट होय. निळा हा नारिंगीचा परंपरागत प्रतिपक्षी. म्हणून पडदे निळे किंवा मोरपंखी असल्यास दोघांचीही शोभा वाढते, आणि पितळेची समई तर अशा भिंतीपुढे विनाखर्च झळकते.

द्वितीय, छटेचा निवाडा. लोह व मँगेनीज यांची ऑक्साइडे असलेली अंबर नावाची माती भाजली असता अधिक गडद व तांबूस होते. तस्मात् कच्च्या अंबरची छटा किंचित थंड आणि भाजलेल्याची उबदार. सागवानी सामान असल्यास भिंत त्याहून स्पष्टपणे गडद घ्यावी. शिसवी कपाट असलेल्याने मात्र त्या भिंतीचा नाद सोडावा, कारण वडिलोपार्जित मिळकत भिंतीत बेपत्ता झाल्याची फिर्याद कोणतीही चौकी नोंदवून घेत नाही.

तृतीय, पुरावा. छटापत्रिकेवरील अंगठ्याएवढा तुकडा ग्राह्य धरू नये. दोन फूट चौरसावर रंगाऱ्याकडून दोन हात मारून घ्यावेत, ते पूर्ण वाळू द्यावेत, आणि सकाळच्या उन्हात, पिवळ्या दिव्याखाली व पांढऱ्या ट्यूबलाइटखाली त्यांची स्वतंत्र जबानी घ्यावी. पिवळ्या दिव्याखाली तांबूसपणा कबूल करणारा रंग ट्यूबलाइटखाली बहुधा तो नाकारतो. अशा वेळी ज्या दिव्याखाली आपण रोज बसतो त्याचीच साक्ष ग्राह्य मानावी.

‘गडद रंगात मळ लपतो’ ही वडीलधाऱ्यांची कैफियत आदरपूर्वक ऐकून फेटाळावी. तेलकट बोटे काही अंशी लपतात; पण धूळ, चुन्याचे शिंतोडे आणि ओलीतून फुटणारे क्षाराचे पांढरे डाग या भिंतीवर दुरूनही वाचता येतात. म्हणून आधी ओल थांबवावी, लांबी भरून काचकागद मारावा आणि अस्तरही तपकिरी झाक दिलेलेच लावावे. पांढऱ्या अस्तरावर तिसऱ्या हाताचा खर्च उद्भवतो.

अखेरीस फैसला असा: शुभ्र भिंत ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत करते, तर ही १० टक्केदेखील करीत नाही. तेव्हा एकच भिंत, तीही खिडकीसमोरची, रंगवावी. एका दिव्याची वाढीव तरतूद करावी. आणि सर्व रंग एकाच वेळी कालवून घ्यावा, कारण पुन्हा कालवलेला डबा पहिल्याशी तंतोतंत जुळेलच, याची हमी दुकानदारही देत नाही.