जडजवाहीर

इंग्रजीतला अवघड शब्द दिसला की माझा जीव त्याच्यावर जडतो. बडबड्या माणसाला 'टॉकेटिव्ह' म्हटलेलं पुरतं, मान्य. पण 'लोक्वेशियस' म्हटलं की तो क्षणभर गप्प बसतो. असा शब्द पदरी असलेला बरा. अडचण एवढीच, की या मालाला गिऱ्हाईक नाही. घरात कुणाच्या हट्टीपणाला 'रिकॅल्सिट्रंट' म्हणावं, तर "दिवसातून किती वेळा घ्यायचं?" असं विचारतात.

कुंभकोणमला निघालो तेव्हा वाटलं, आता रत्नपारखी भेटणार. गावच तसं! 1854 साली शाळा म्हणून सुरू झालेल्या इथल्या सरकारी कॉलेजला लोक 'दक्षिणेचं केंब्रिज' म्हणत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव जन्माने इथले, तंजावरी मराठी घराण्यातले. गोखल्यांच्या मागे, 1915 साली, पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री जवळच्याच वलंगैमानचे, शिकले इथे. त्यांचं इंग्रजी ऐकून खुद्द इंग्रज माना डोलवत.

महामहम तळ्याजवळच्या हॉटेलात एका तंजावरी मराठी आजोबांशी गाठ पडली. त्यांची मराठी व्यंकोजीराजांबरोबर आलेली आणि तमिळ हेल काढत इथेच रमलेली. ती मला निम्मी कळेना, माझी त्यांना. शेवटी आम्ही दोघे मराठी इंग्रजीत शिरलो. मला तेच हवं होतं! ऊन 'स्वेल्टरिंग', देवळं 'रिस्प्लेंडंट', कॉफी 'अँब्रोझियल' असा मी सडाच घातला. आजोबा पितळी वाटीतून पेल्यात उंचावरून कॉफीची धार सोडत होते. धार न तुटू देता त्यांनी विचारलं, "यू आर टीचर?" मी नाही म्हणालो, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी मला सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर रामानुजनच्या घरी नेलं. बुटकं घर, खिडकीशी पलंग. 1904 साली शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात गेलेला हा पोरगा इंग्रजीत नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे 1913 साली त्याने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र धाडलं: आपण मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून, पगार वर्षाला 20 पौंड. इतकं साधं. डिक्शनरी उघडायची गरज नाही. सोबतची गणितं बघून मात्र भल्याभल्यांना घाम फुटावा. दक्षिणेच्या केंब्रिजने इंग्रजीत नापास केलेल्याला खऱ्या केंब्रिजने बोलावून घेतलं.

"सिंपल इंग्लिश," आजोबा माझ्याकडे रोखून बघत म्हणाले.

मला अगदी पटलं. ज्याच्यापाशी तसली गणितं आहेत, त्याने खुशाल साधं लिहावं. माझ्यापाशी गणितं नाहीत. मला 'रिकॅल्सिट्रंट' सोडून कसं चालेल?