दोन रकान्यांचे काका

जगातल्या सगळ्या द्रव्याची विभागणी मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण अशी होते, असं शाळेत शिकवतात. आमच्या इमारतीतल्या काकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते द्रव्यं दोनच प्रकारची असतात: नॅचरल आणि केमिकल. मेंडेलीव्हने १८६९ साली त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं ओळीत मांडली, तेव्हा पुढे सापडतील त्यांच्यासाठी मोकळ्या जागा तरी ठेवल्या होत्या. काकांच्या तक्त्यात मोकळी जागा नाही. वस्तू दारातून आत आली की तिचा रकाना ठरलेला असतो.

नॅचरलमध्ये गूळ, तूप, घाण्याचं तेल, रिठा, शिकेकाई आणि तांब्याची भांडी. केमिकलमध्ये साखर, मैदा, शॅम्पू, डॉक्टरांच्या गोळ्या आणि सुनेने ऑनलाइन मागवलेलं काहीही. खऱ्या आवर्तसारणीत धातू आणि अधातू यांच्या सीमेवर सिलिकॉन, जर्मेनियम असे धातुसदृश बसतात. काकांच्या सीमेवर चहा बसतो. तो सोडवत नाही म्हणून ते गूळ घालून पितात, आणि दूध फाटलं की दोष दूधवाल्याचा.

डोक्याला मात्र काळी मेंदी लागते. मेंदी म्हणजे पाला, म्हणजे नॅचरल. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि मेंदी लावताना काका चष्मा काढून ठेवतात.

हे सगळं सुखाने चाललं होतं. पण नात दहावीत गेली आणि तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा धडा आला. अभ्यास मोठ्याने करायची तिला सवय. सात आवर्त, अठरा गण, ११८ मूलद्रव्यं हे घुमू लागल्यावर काकांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “यात पितळ कुठे आहे?”

“नाही आजोबा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. २९ आणि ३०, शेजारी शेजारी आहेत बघा.”

घरातल्या वडिलोपार्जित पातेल्याला नातीने भेसळ ठरवल्यासारखं काकांना वाटलं. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत.

त्या पातेल्याला कल्हई करायला माणूस येतो तो दिवस काकांसाठी सणाचा. ते खुर्ची टाकून भात्याजवळ बसतात. भांडं तापतं, कल्हईवाला त्यात नवसागर टाकतो, पांढऱ्या धुराचा लोट उठतो, मग कथलाची कांडी टेकवून तो कापसाने झरझर फिरवतो आणि आतून चांदी उमलते. काका डोळे पुसत, खोकत सगळ्यांना सांगतात, “बघा. पूर्वीच्या लोकांना केमिकल लागत नव्हतं.” नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड हे नातीने तिथेच सांगितलं. काका म्हणाले, “इतका जुना शब्द आहे, तो केमिकल कसा असेल?” पितळेत आंबट आमटी का कळकते आणि कथलाचा थर तिला कसा वाचवतो, हे काकू आत चिंच भिजवत ऐकत होत्या. त्यांना सारणी पाठ नाही. पण कल्हई उडालेल्या भांड्यात त्यांनी कधी ताकसुद्धा ठेवलेलं नाही. या घरातलं खरं रसायनशास्त्र कोण जाणतं, याविषयी माझं मत तेव्हाच झालं.

मिठावरून मात्र घरात थेट तह करावा लागला. नात म्हणाली, “सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू, पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रला सैनिकांवर सोडला होता. दोघांचा संयोग झाला की मीठ.” संयुगाचे गुणधर्म घटकांसारखे राहत नाहीत, एवढंच तिला सांगायचं होतं. काकांनी वाक्याचा पूर्वार्ध ऐकला आणि दुसऱ्या दिवशी मिठाचा पुडा हद्दपार झाला. त्याच्या जागी गुलाबी सैंधव आलं.

“आजोबा, हेसुद्धा सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाचा. आणि यात वरून घातलेलं आयोडीन नाही, गलगंड होऊ नये म्हणून घालतात ते.”

“असेल. पण हे डोंगरातलं आहे.”

डोंगरातला आर्सेनिकही नॅचरल आणि फाटकाशी फुललेली विषारी कण्हेरही नॅचरल, हे नातीच्या ओठांवर आलं होतं. काकूंनी डोळ्यांनी दटावलं. शेवटी आमटीत आयोडीनवालं आणि काकांच्या ताकात सैंधव, असं ठरलं.

एवढं असूनही काकांना मी खुळा माणूस म्हणणार नाही, आणि त्याचं कारण आंबा. मे महिन्यात त्यांच्या पलंगाखाली भाताच्या पेंढ्यात आढी लागते. बाजारात कार्बाइडने पिकवलेल्या पेटीसमोर ते असा आवाज चढवतात की गिऱ्हाईकं पांगतात. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि फळ पिवळं पडतं. आढीत आंबा स्वतःच इथिलीन सोडतो, पेंढ्यात तो कोंडतो आणि फळ पिकतं. म्हणजे काका रोज रात्री एका वायूच्या कोठीवर झोपतात. दोन्ही वायूंत कार्बनचे अणू दोन दोनच. इथिलीनमध्ये हायड्रोजन चार, ॲसिटिलीनमध्ये दोन. काकांच्या प्रेमात आणि संतापात अंतर दोन हायड्रोजनचं.

पण संताप जागेवर आहे. बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असते, म्हणूनच फळं पिकवायला त्याचा वापर करण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीनला मर्यादेत परवानगी आहे. हे कलम काकांना ठाऊक नाही. ते देठाशी नाक नेतात, सगळीकडून एकसारखा पिवळाधमक आणि वास नसलेला आंबा परत ठेवतात आणि म्हणतात, “केमिकल.” त्या एका ठिकाणी तो शब्द अचूक बसतो.

असे काका तुमच्याही इमारतीत असतील. मिठाच्या वादात त्यांच्या वाटेला जाऊ नका. हापूसची पेटी घ्यायला निघालात, तर त्यांना घेतल्याशिवाय जाऊ नका.