रिस्टोअरकाका

प्रत्येक सोसायटीत बिघडलेल्या कॉम्प्युटरसाठी एक काका असतातच. ते बहुधा बँकेतून निवृत्त झालेले असतात आणि एकाच उपायावर त्यांची अढळ श्रद्धा असते. 2000 साली विंडोज एमई आलं, त्याला लोकांनी भरपूर नावं ठेवली. काकांनी मात्र त्यातलं सिस्टिम रिस्टोअर तेवढं उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. आवाज गेला, प्रिंटर रुसला, स्क्रीन निळी पडली, काहीही होवो, काका म्हणणार, "आधीच्या तारखेला नेऊ."

घरात शिरताच पहिला प्रश्न, "शेवटचं काय टाकलंत?" उत्तर घरोघरी तेच, "काही नाही हो, आपोआपच झालं!" काका वाद घालत नाहीत. चार्जर लावलाय ना ते बघतात, आर-एस-टी-आर-यू-आय अशी सहा अक्षरं टाइप करतात आणि चष्मा सरसावून यादी वाचू लागतात. नवं काही टाकण्याआधी विंडोज पुष्कळदा स्वतःच तारीख, वेळ आणि कारणासकट नोंद करून ठेवतं, याचा घरच्यांना पत्ताच नसतो. त्यामुळे कोणाच्या घरात कधी काय शिरलं, हे सोसायटीच्या वॉचमनपेक्षा काकांना जास्त ठाऊक.

"माझे फोटो जातील का हो?" काकू हमखास विचारतात. "फोटो, हिशेब, पत्रं, कशालाही धक्का लागत नाही. फक्त त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर जातात." मात्र चुकून पुसलेले फोटो परत आणा म्हटलं, की काका हात जोडतात. "ते या देवाचं काम नाही. पेन ड्राइव्हवर कॉपी ठेवली होती का?" आणि एखाद्या घरी तारखांच्या नोंदी ठेवणारं सिस्टिम प्रोटेक्शनच बंद निघालं, की ते चहासुद्धा नको म्हणतात.

परवा तिसऱ्या मजल्यावर बोलावणं आलं. बारावीतल्या चिरंजिवांचा लॅपटॉप रखडत होता. वडील पाठीशी उभे. यादीत मंगळवार, मध्यरात्री 1:40, खाली कुठल्याशा गेमचं नाव. काकांनी एकदा मुलाकडे पाहिलं, मुलानं पंख्याकडे पाहिलं. काकांनी मुकाट्यानं मंगळवारची ओळ निवडली आणि जाहीर केलं, "मध्येच बंद करू नका. तोवर पोहे होऊ द्या." पोहे संपेस्तोवर लॅपटॉप पूर्ववत झाला होता. "काय होतं हो?" वडिलांनी विचारलं. "ड्रायव्हरचा गोंधळ," काका म्हणाले.

रात्री जिन्यात मुलानं त्यांना गाठलं. "काका, थँक्यू. पण हे रिस्टोअर उलटं फिरवता येतं का?"

"येतं की. तिथंच 'अनडू' असतं."

"मग कधी येता?"

"शेवटचा पेपर झाला की लगेच!"