कन्हानच्या पुलापर्यंत हलकं कसं व्हावं

हे मार्गदर्शन रविवारच्या सायकलस्वारांसाठी आहे. पहाटे पाचला नागपूरहून निघायचं, कामठी मागे टाकायची, कन्हानचा पूल ओलांडला की तर्री-पोह्याच्या गाड्यापाशी पाय टेकायचे, आणि त्या पोह्यांना 'रिकव्हरी' म्हणायचं, असा ज्यांचा व्यायाम आहे त्यांनीच वाचावं.

नियम 1. सायकल हलकी घ्यावी. शर्यतीची सायकल 6.8 किलोच्या खाली नसावी, असा जागतिक सायकल महासंघाचा नियम आहे. स्वाराच्या पोटाबद्दल महासंघ गप्प आहे, ही पळवाट ओळखावी. माझी जुनी सायकल साडेदहा किलोची, नवी कार्बनची आठ किलोची. अडीच किलो वाचले. मी 84 किलोचा. यात टक्के काढायचे नसतात, बायकोनं काढले. खरं सांगायचं तर सपाट रस्त्यावर ताकद खाते ती हवा. वजन कळतं चढावर, आणि आपल्या वाटेवर चढ म्हणजे फार तर एखादा उड्डाणपूल. चढच हवा असेल तर पुढे रामटेकचा गड आहे. मी जाऊन आलोय. गाडीनं.

नियम 2. चाकं बदलावीत. खोल रिमची चाकं वारा कापतात, पण त्यासाठी वेग लागतो. माझ्या बाविसाच्या वेगाला वारा कापायची गरज पडत नाही, तो बाजूनं निघून जातो. पुलावर मात्र आडवा वारा याच रिमला धरून रेतीच्या ट्रककडे ढकलतो, तेव्हा 42,000 रुपये कुठे गेले ते कळतं. त्यापेक्षा टायर बदला. 23 चा काढून 28 चा घाला आणि हवा 120 वरून 80 वर आणा. खड्ड्यात दात वाजायचे थांबतात, वेगही जात नाही. एवढं एक मी थट्टेत सांगत नाही.

नियम 3. जर्सी घट्ट असावी. आरसा नसावा.

नियम 4. थोरांचे दाखले द्यावेत. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 साली अमेरिका आडवी पार करून आले. सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्यानं, बारा दिवसांच्या आत. अशा माणसाचं नाव निघालं की "सायकल कोणती होती?" एवढंच विचारावं. सराव किती तास केला, हे विचारणारा माणूस आपल्या गटातला नव्हे.

नियम 5. मिस्त्रीकडे जाऊ नये. मी गेलो. कन्हानला गिअर कुरकुरला म्हणून. त्यानं सायकलीकडे पाहिलंच नाही, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. म्हणाला, "काका, शीट लय खाली हाये. टाच पायडलवर ठेवा, पायडल पार खाली न्या. आता पाय सरळ व्हाले पायजे." पाय सरळ झाला नाही. त्यानं सीट दोन बोटं वर केली, चेनवरचं तेल फडक्यानं पुसलं ("वरून तेल नोको, धूळ धरते") आणि वीस रुपये मागितले.

त्या दिवशी गुडघे दुखले नाहीत. दोन वर्षं मी त्यासाठी चाकं बदलत होतो.

काढून ठेवलेली जुनी चाकं त्यानं पोरासाठी मागून घेतली. मागच्या चाकाची टकटक मला पाठ आहे. दर रविवारी पुलावर ती मागून येते, मी बाजू देतो.