फक्त एक मत जास्त

४ नोव्हेंबर २०२० रोजी डेट्रॉइटच्या मतमोजणी केंद्रात ट्रम्प यांचे समर्थक काचांवर मुठी आपटत ओरडत होते, ‘मोजणी थांबवा!’ त्याच रात्री फिनिक्समध्ये त्याच नेत्याचे झेंडे घेतलेला जमाव मोजणी केंद्राच्या दारात ओरडत होता, ‘मतं मोजा!’ वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती दिसेल. पण मिशिगनमध्ये मोजणी पुढे सरकेल तशी साहेबांची आघाडी वितळत होती आणि ॲरिझोनात पिछाडी भरून निघत होती, एवढं लक्षात घेतलं की दोन्ही घोषणा एकाच मायेच्या लेकी ठरतात. लोकशाहीवर इतकी निखळ निष्ठा क्वचितच पाहायला मिळते.

तीन दिवसांनी फिलाडेल्फियात ट्रम्प यांचे वकील रुडी ज्युलियानी यांनी पत्रकार परिषद घेतली. स्थळ ‘फोर सीझन्स’. आलिशान हॉटेल नव्हे, तर लोकांच्या बागा राखून देणाऱ्या, नावात तेच दोन शब्द असलेल्या एका कंपनीचं आवार. शेजारी प्रौढांसाठीच्या ‘वाङ्मया’चं दुकान, समोर दहनगृह. या शहरात मेलेली माणसं मतदान करतात, मुष्टियोद्धा जो फ्रेझियर अजून मत देतो आहे, असं ज्युलियानींनी तिथून जगाला सांगितलं. फ्रेझियर २०११ सालीच गेले. आरोप करायला जागा मात्र अचूक निवडली होती. साक्षीदार बोलवायचे तर रस्ता ओलांडला की झालं.

मेलेल्यांनी मतदान केलंच नाही, असं म्हणणाऱ्यांचं तोंडही इथे बंद होतं. केलं, नक्की केलं. पेनसिल्व्हेनियातल्या एका गृहस्थांनी दिवंगत मातोश्रींच्या नावाने मत टाकलं आणि ते ट्रम्प यांनाच टाकलं. मातोश्रींची राजकीय मतं काय होती, हे आता कोणाला विचारणार? नेवाडातल्या दुसऱ्या एका गृहस्थांनी तर टीव्हीवर येऊन गाऱ्हाणं मांडलं की, माझ्या स्वर्गवासी पत्नीच्या नावाने कोणीतरी मत टाकलं. राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाने ते गाऱ्हाणं गावभर केलं. तपासात निघालं की ‘कोणीतरी’ म्हणजे खुद्द यजमानच. टेक्सासचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी घोटाळा पकडून देणाऱ्यांसाठी एकूण १० लाख डॉलरची थैली जाहीर केली होती. तिच्यातले पहिले २५ हजार डॉलर गेले एका डेमोक्रॅट मतदान कर्मचाऱ्याला, कारण त्याने दोनदा मत द्यायला आलेला रिपब्लिकन रंगेहाथ पकडला. पॅट्रिक यांनी चेक दिला, हे त्यांचं मोठेपण.

ॲरिझोनाची गोष्ट तर चवीने ऐकावी अशी. तिथल्या रिपब्लिकन सिनेटरांनी मॅरिकोपा काउंटीच्या २१ लाख मतपत्रिका फेरतपासणीला काढल्या आणि काम दिलं ‘सायबर निंजाज’ नावाच्या कंपनीला. निवडणूक तपासण्याचा अनुभव शून्य, पण नाव दमदार. फिनिक्सच्या जुन्या स्टेडियममध्ये टेबलं मांडून, जांभळ्या दिव्यांखाली एकेक मतपत्रिका निरखली गेली. ४० हजार मतपत्रिका आशियातून आणून कोंबल्याची वदंता होती, म्हणून कागदात बांबूचे धागे सापडतात का, तेही पाहिलं. आशियातला कागद बांबूचाच असणार, हे शास्त्र कोणाचं कोण जाणे! कित्येक महिने खपून सप्टेंबर २०२१ मध्ये हिशेब लागला: बायडन यांची ९९ मतं वाढली, ट्रम्प यांची २६१ घटली. आपल्याच पैशाने आपलाच पराभव वाढवून घेणं सोपं नसतं.

पण या सगळ्या किरकोळ मंडळींत खरा संयमी माणूस एकच. २ जानेवारी २०२१ रोजी राष्ट्राध्यक्षांनी जॉर्जियाचे सचिव ब्रॅड राफेन्सपर्गर यांना तासभर फोन केला. राफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे, मतही त्यांनाच दिलेलं. राज्याची मतं तीनदा मोजून झाली होती, त्यातली एक खेप पूर्ण हाताने. बायडन ११,७७९ मतांनी पुढे. साहेब म्हणाले, मला ११,७८० मतं शोधून हवी आहेत. लाख नाही, दोन लाख नाही. फरकापेक्षा फक्त एक जास्त! इतकी माफक मागणी करणारा नेता आपल्याकडे दाखवा. याच फोनवर पाच हजारांच्या आसपास मयतांनी मत दिल्याचंही ते बोलले. राज्याच्या चौकशीत पुढे निघाले चार.

आता या फोनचा आणि त्यानंतर चारच दिवसांनी संसदेवर चालून गेलेल्या जमावाचा जाब मागायचा कुठे? इथून पुढे अमेरिकेची राज्यघटना आपल्या तहसील कचेरीसारखी वागू लागते. पहिली खिडकी सिनेटची. महाभियोग प्रतिनिधिगृहात १३ जानेवारीलाच मंजूर झाला होता, पण बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, सुनावणी एवढ्यात होत नाही. फेब्रुवारीत झाली, तेव्हा तेच म्हणाले, गृहस्थ आता पदावर नाहीत, पदावरून काढणार कोणाला? तुम्ही कोर्टाच्या खिडकीवर जा. ५७ विरुद्ध ४३ अशी मतं पडली. ६७ लागतात, म्हणून सुटका.

कोर्टाच्या खिडकीवर खटला घेऊन गेलं, तर साहेबांचे वकील जॉन सॉवर आधीच उभे. राष्ट्राध्यक्षाने कमांडो धाडून प्रतिस्पर्ध्याचा खून करवला तरी खटला नाही का, असं न्यायाधीशांनी जानेवारी २०२४ मध्ये विचारलं. त्यावरच्या उत्तराचा मथितार्थ असा, की चालेल, पण आधी सिनेटमध्ये महाभियोग सिद्ध व्हायला हवा. म्हणजे पुन्हा पहिली खिडकी. सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ रोजी सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला: पदाच्या गाभ्यातल्या अधिकारांना पूर्ण अभय, बाकी अधिकृत कामांनाही अभय असल्याचंच गृहीत धरायचं. अधिकृत काय नि अनधिकृत काय, ते खालच्या कोर्टाने निवडत बसावं. निवडून होण्याआधी निवडणूकच आली, साहेब जिंकले, आणि पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवायचा नाही हा न्याय खात्याचा निक्सनच्या काळातला नियम बाहेर निघाला. २५ नोव्हेंबरला खटला बंद. फोनप्रकरणी जॉर्जियात भरलेला वेगळा खटलाही पुढच्या नोव्हेंबरात निकालात निघाला. सॉवर आज सरकारचे सॉलिसिटर जनरल आहेत. मातोश्रींचं एक मत टाकणाऱ्या गृहस्थांना मात्र पाच वर्षं प्रोबेशन आणि चार वर्षं मतदानबंदी झाली. चुकलंच त्यांचं. ते राष्ट्राध्यक्ष नव्हते.

डेमोक्रॅट पक्षाला हे वाचून गुदगुल्या होत असतील, तर जरा थांबावं. अभयाचा निकाल आला त्या संध्याकाळी बायडन यांनी, कायद्यापेक्षा कोणी मोठा नाही, असं देशाला बजावलं. डिसेंबर उजाडताच त्यांनी मुलाला माफी दिली, तीही १ जानेवारी २०१४ पासूनच्या जवळपास ११ वर्षांची घाऊक. देणार नाही, देणार नाही असं तोवर सांगत आले होते. भावंडांना माफी मिळाली ती पद सुटायला काही मिनिटं उरली असताना.

आणि महाभियोगाचं म्हणाल, तर त्यात आपल्या बेळगावचा माणूस आहे. डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध सात कलमांचा ठराव आणला. मे महिन्यात तो मतदानाला लावायची वेळ आली, तेव्हा स्वपक्षाचेच ज्येष्ठ डोळे वटारून उभे राहिले आणि ठाणेदारांनी ठराव पुढे रेटला नाही. त्यांच्या मराठी आत्मचरित्राचं नाव ‘ही श्रीची इच्छा’. इच्छा होतीच; श्रेष्ठींची नव्हती.

हो, एक राहिलंच. ५ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी, मतदान चालू असताना, ट्रम्प यांनी जाहीर केलं होतं की फिलाडेल्फियात प्रचंड फसवणूक चालली आहे आणि पोलीस निघाले आहेत. शहराच्या निवडणूक मंडळातल्या रिपब्लिकन सदस्यानेच ते साफ नाकारलं. रात्री पेनसिल्व्हेनियाचा कल साहेबांकडे झुकला. मग कमला हॅरिस यांच्या काही चाहत्यांनी दोन कोटी मतं गायब झाल्याची आवई उठवली. कॅलिफोर्नियात मोजणी अजून चालू होती, पण तेवढा धीर कोणाला? फिलाडेल्फियातल्या त्या प्रचंड फसवणुकीचं पुढे काय झालं, हे ना साहेबांनी सांगितलं, ना कोणी विचारलं. निघालेले पोलीस बहुधा अर्ध्या वाटेवरूनच परत फिरले असावेत.