हाताची घडी, ओठांवर हसू

लिंक्डइन उघडा आणि फोटो बघत सुटा. हाताची घडी, अंगात कोट, मागे काचेची इमारत. शाळेत हाताची घडी घातली की गप्प बसावं लागायचं. आता घातली की माणूस थेट ‘लीडर’ होतो.

कोट कुणाचा, हे विचारू नये.

पूर्वी फोटो स्टुडिओत खिळ्याला एक कोट टांगलेला असायचा, गाठ बांधलेल्या टायसकट. नोकरीचा अर्ज असो की मुलगी बघायला जायचं असो, गावातला प्रत्येक मुलगा त्याच कोटात शिरायचा. आता कोट एआय शिवून देतं. दहा-बारा सेल्फी टाका. जबडा रेखीव, गेलेले केस परत. अडचण एकच. मुलाखतीला हा फोटोतला गृहस्थ जात नाही, तुम्हालाच जावं लागतं.

दुसरा पंथ कात्रीवाल्यांचा. चुलतभावाच्या लग्नातल्या फोटोत आपण बरे आलोय ना, मग बाकीचं वऱ्हाड कापा. सगळे कापले जातात, खांद्यावरचा एक हात तेवढा उरतो. चुडा भरलेला. खाली पद लिहिलेलं असतं : सीनियर मॅनेजर.

तिसरे गडप्रेमी. अख्खा राजगड फोटोत, कोपऱ्यात मुंगीएवढे आपण, वर गॉगल. गड लगेच ओळखू येतो. मग नोकरी काय गडाला द्यायची?

चौथे गाडीत बसून सेल्फी काढणारे. त्यांनी पट्टा लावलेला असतो, एवढंच त्यांच्या बाजूने बोलता येईल.

आणि पाचवे, कॉलेजातला फोटो पन्नाशीतही न उतरवणारे. यांचे गुरू चौकातल्या फ्लेक्सवर आहेत. तिथे ‘भावी नगरसेवक’ वर्षानुवर्षं त्याच काळ्याभोर केसांनी हसतात. फोटो म्हातारा होत नाही, म्हणून तेही भावीच राहतात.

एवढा आटापिटा कशासाठी? लिंक्डइन सुरू झालं २००३ मध्ये, फोटो लावायची सोय आली २००७ मध्ये. मधली चार वर्षं लोक एकमेकांचा चेहरा न बघताच ओळखी वाढवत होते. कुणाचं अडलं?

पण फोटोला महत्त्व नाही, असं म्हणायची सोय नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की अनोळखी चेहरा सेकंदाचा एक दशांश भाग दिसला तरी ‘हा माणूस विश्वासू वाटतो की नाही’ हे आपण ठरवून मोकळे होतो. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त ठाम होतं.

सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्यांना यासाठी प्रिन्स्टनची गरज नव्हती.

अमेरिकेत नोकरीच्या अर्जावर फोटो लावायची पद्धत नाही. रंग, वय, लिंग बघून भेदभाव झाल्याचा आरोप नको म्हणून. फार छान. मग तोच अर्ज बाजूला ठेवून लिंक्डइनवर फोटो कोण बघतं?

सेल्फीवाल्यांसाठी एक खुशखबर. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडलं : बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढा, ते जागेवर येतं. म्हणजे तुमचं नाक मोठं नाही. हात आखूड आहे.

आणि लिंक्डइनचाच सल्ला असा, की फोटोचा साधारण ६० टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला असावा. उरलेल्या ४० टक्क्यांत बुर्ज खलिफा मावत नाही. सोडून द्या.

मुळात या फोटोचं काम एकच. उद्या हॉटेलात, ऑफिसात किंवा व्हिडिओ कॉलवर समोर आलात, तर ‘अच्छा, तुम्हीच का ते!’ असं समोरच्याला वाटलं पाहिजे. ‘तुम्हीच का ते?’ असं नाही.

त्याला स्टुडिओ लागत नाही आणि एआयही लागत नाही. सकाळी खिडकीकडे तोंड करून उभे राहा. मागे साधी भिंत, अंगात कामावर घालता तोच शर्ट किंवा कुडता. फोन घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याला पाच फूट मागे सरकायला सांगा. चष्मा रोज लावत असाल तर तो राहू द्या. टक्कल असेल तर तेही. हसू आलं तर हसा, नाही आलं तर ओढूनताणून आणू नका. दर दोन-तीन वर्षांनी फोटो बदला, कारण चेहरा बदलतोच.

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

उरलेला वेळ फोटोखाली जे लिहिलंय ते तपासण्यात घालवा. खोटा कोट लोक माफ करतात, खोटा अनुभव करत नाहीत.